खोगीर उतरल्यावर दिसते ते: लूणीच्या पात्रातील पाच दिवसांची हिवाळी घोडेस्वारी

घोड्यावरून सफर घडवून आणणाऱ्या संस्थेची पारख करायची असेल, तर सायंकाळी मुक्कामी पोहोचल्यावर लगेच तंबूकडे न वळता घोड्याजवळ पाच मिनिटे थांबावे, खोगीर उतरताना त्याची पाठ पाहावी आणि मगच त्या दिवसाबद्दल मत बनवावे, असे मी गेली अनेक वर्षे मानत आले आहे. मारवाडात लूणी नदीच्या कोरड्या पात्रातून जानेवारीत केलेल्या पाच दिवसांच्या सफरीचे हे परीक्षण मी त्याच दृष्टीने लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे जी चूक मला सांगायची आहे ती या व्यवसायात सर्रास होते आणि ती एकाच संस्थेच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

लूणी अजमेरजवळ अरवलीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ५०० किलोमीटर वाहत जाऊन कच्छच्या रणात जिरून जाते. बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी गोडे आणि त्यापुढे ते खारट होत जाते, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. तिच्या नावातही मीठच आहे. एरवी पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर हे पात्र कोरडे असते, आणि हिवाळ्यात तर ते घोडेस्वारासाठी आयती तयार झालेली रुंद वाट असते. दोन्ही बाजूंना शेते, कुंपणे, वस्त्या आणि डांबरी रस्ते असतात. मधला हा पट्टा मात्र मोकळा राहतो. आमची सफर लूणी गावाच्या पुढून सुरू झाली आणि धुंधाडा, समदडी, कनाना, बालोतरा असा नदीचा माग धरत तिलवाड्याला संपली. रोज वीस ते पंचवीस किलोमीटर, तेही बहुतेक चालीवर, म्हणजे दिवसाला पाच ते सहा तास खोगिरात.

हे पात्र एकसारखे नसते, ही गोष्ट पहिल्या तासातच लक्षात येते. जिथे पावसाळ्यानंतर ओल टिकून राहिलेली असते तिथे वाळू घट्ट असते, टापांचा आवाज दबका आणि एकसुरी येतो, आणि घोडा आपण होऊन दुडकीवर येऊ पाहतो. जिथे वाऱ्याने वाळू लोटलेली असते तिथे खूर घोट्यापर्यंत रुततो, घोड्याची मान खाली जाते आणि त्याच्या मागच्या पायांतले श्रम स्वाराला कमरेत जाणवतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. खाली चिखल आणि वर खाराची पांढरी, कोरडी दिसणारी पापडी. तिच्यावर पाय पडला तर घोडा एकदम धसतो, घाबरून झटका देतो आणि पुढचा पाय मुरगळून घेतो. आमचे वाटाडे अशा जागी नेहमी खाली उतरून स्वतः चालत पुढे जात, काठीने पापडी दाबून पाहत आणि मगच हात वर करून आम्हाला बोलावत. पाच दिवसांत त्यांनी हे कंटाळा न करता किमान पंधरा वेळा केले असेल. या सफरीला मी जे गुण देते आहे त्यांतले अर्धे या एका सवयीचे आहेत.

घोडे सर्व मारवाडी जातीचे होते. सारंगखेड्याच्या बाजारात तापीकाठी ज्यांनी हे घोडे पाहिले आहेत त्यांना त्यांचे कान सांगायला नकोत. टोकाशी आत वळलेले ते कान घोडा सावध झाला की एकमेकांना जवळजवळ टेकतात. माझ्या वाट्याला आलेली कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची घोडी, जिला मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे सेवक) केसर म्हणत, उंचीने खांद्यापाशी जेमतेम दीड मीटर होती. तिच्या कानांच्या कमानीतून मी पाच दिवस पुढचा प्रदेश पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून प्रदेशाकडे पाहण्याआधी त्या कमानीकडे पाहू लागले. झुडपाआड चिंकारा असला, दूरवर मेंढ्यांचा कळप असला किंवा कुठे कुत्रे असले, तर एक कान तिकडे वळे आणि दुसरा माझ्याकडे राही. मराठी माणसाच्या मनातला घोडा बहुधा भीमथडीच्या तट्टाचा असतो: लहान चणीचा, काटक आणि डोंगर चढणारा. मारवाडी घोडा त्याहून वेगळा आहे. पाय लांब, मान उंच, कातडी पातळ, स्वभाव उमदा पण चटकन दुखावणारा. लगामाला हात जड लागला तर तो मान वर फेकतो. हात हलका ठेवला तर तो दिवसभर मान मोकळी सोडून चालतो. या घोड्यांपैकी काहींना जी चाल उपजत येते आणि जिला तिथे रेवाल म्हणतात, तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी पडतात, त्यामुळे दुडकीचे हादरे बसत नाहीत आणि चालीपेक्षा बरेच अधिक अंतर कापले जाते. केसरला ती येत होती. समदडीच्या अलीकडे घट्ट वाळूचा एक लांब पट्टा लागला, तिथे वाटाड्यांनी परवानगी दिल्यावर मी तिला थोडी टाच दिली आणि ती त्या चालीत शिरली, तेव्हा माझ्या खांद्यांतला तीन दिवसांचा ताण निघून गेला.

पहिल्या दिवशी सकाळी निघण्याआधी प्रत्येक स्वाराची चाचणी घेतली गेली. नोंदणीच्या वेळी वजनाची मर्यादा ८५ किलो असल्याचे कळवले होते आणि तिथे पोहोचल्यावर खरोखर वजनकाटा ठेवलेला होता. आपल्याकडे हे विचारायला लोक संकोचतात. इथे संकोच नव्हता, आणि घोड्याच्या बाजूने विचार केला तर तो नसावाच. प्रत्येकाने एका वर्तुळात चाल, दुडकी आणि थोडी दौड करून दाखवली, आणि दोघांचे घोडे त्यानंतर बदलण्यात आले. रिकिबी स्वाराच्या पायाच्या मापाने लावून दिल्या. निघाल्यावर वीस मिनिटांनी सर्वांना थांबवून तंग, म्हणजे खोगिराचे पोटाखालचे पट्टे, पुन्हा आवळले गेले, कारण खोगीर चढवताना घोडा पोट फुगवून घेतो आणि चालायला लागल्यावर तंग सैल पडतो. शिरस्त्राण सक्तीचे होते. मोतद्दार वगळता कोणालाही फेट्यावर घोडा दिला गेला नाही, छायाचित्रापुरताही नाही.

आता पाण्याविषयी. या सफरीत सर्वांत जास्त मेहनत पाण्यावर घेतलेली होती आणि ती लोकांच्या नजरेत सहसा येत नाही. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. हिवाळ्यात पाणी गार असले की तो कमी पितो, वर कोरडा चारा खातो, आणि मग आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठतो. वाळवंटातल्या हिवाळी सफरीतला हा सर्वांत मोठा धोका आहे. मुक्कामी टाकी आधीच पोहोचलेली असे. रात्रीच्या पाण्यात कोमट पाणी मिसळले जाई, चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, चमचाभर मीठ घातले जाई आणि प्रत्येक घोड्याने किती बादल्या प्यायल्या हे एक मोतद्दार वहीत लिहीत असे. मी ती वही पाहायला मागितली आणि त्यांनी आनंदाने दाखवली. तिसऱ्या रात्री एका घोड्यापुढे फक्त एकच बादली लिहिलेली होती. त्याला पहाटेपर्यंत दोनदा उठवून फिरवले आणि कोमट पाणी पाजले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

घोड्यांना नदीचे पाणी एकदाही पाजले नाही. याचे कारण वाचकांनी जाणून घ्यावे, कारण सफरीच्या माहितीपत्रकात ते लिहिलेले नाही. पालीकडून येणारी बांडी आणि जोधपूरकडून येणारी जोजरी या लूणीच्या उपनद्यांत कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी अनेक वर्षांपासून येते आहे, आणि बालोतऱ्याचा स्वतःचा रंगकामाचा व्यवसायही मोठा आहे. जोजरीच्या प्रदूषणाची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. हिवाळ्यात, जेव्हा ही नदी कोरडी असायला हवी, तेव्हा तिच्यात कुठे वाहते पाणी दिसले तर आनंद होण्याऐवजी शंका यावी, अशी आजची स्थिती आहे. चौथ्या दिवशी आम्ही अशाच एका काळपट, फेसाळ ओहळापाशी आलो. केसर काठावर थांबली, नाकपुड्या फुगवून तिने वास घेतला आणि दोन पावले मागे सरली. वाटाड्यांनी पात्र सोडून शेतांच्या कडेने तासाभराचा वळसा घेतला. तो वळसा वेळापत्रकात आधीपासून धरलेला होता, म्हणजेच संस्थेला ही जागा ठाऊक होती. माझे म्हणणे एवढेच आहे की नोंदणी करतानाच हे सांगावे. या नदीवर प्रेम करणाऱ्या माणसाला तिची जखमही पाहायची असते, आणि ज्यांना पाहायची नसेल त्यांना तरी आधी कळलेले बरे.

आता त्या चुकीविषयी. आमच्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते, उत्तम स्वार, हाताने हलके आणि बसण्यात स्थिर. त्यांच्या करड्या घोड्याचे खोगीर पहिल्या सायंकाळी उतरवले तेव्हा मी शेजारीच होते. घोड्याची पाठ घामाने ओली होती, तो ओलेपणा दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला होता, पण खांद्याच्या उंचवट्याच्या मागे डाव्या बाजूला तळहाताएवढा एक भाग पूर्ण कोरडा होता. असा कोरडा डाग म्हणजे तिथे खोगिराचा दाब इतका होता की घामालाही वाट मिळाली नाही. मी मोतद्दाराला तो दाखवला. त्याने बोटांनी दाबून पाहिले, घोड्याने कातडी थरथरवली, आणि तो मला हळूच म्हणाला, “हुकुम, खोगीर दुसऱ्या घोड्याचे आहे, याचे दुरुस्तीला गेले आहे.” दुसऱ्या दिवशी घोंगडीची आणखी एक घडी खाली घालून तेच खोगीर चढवले गेले. हा उपाय सगळीकडे करतात आणि तो जवळजवळ नेहमी उलटा पडतो, कारण आधीच अरुंद असलेल्या खोगिराखाली जाडी वाढवली की दाब वाढतो. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भर या अर्थाने सहज वापरतो. त्या दिवशी मला तो शब्दशः पाहायला मिळाला. दुसऱ्या सायंकाळी त्या जागी सूज होती. तिसऱ्या सकाळी ती हाताला गरम लागत होती.

इथून पुढे जे झाले त्याचे श्रेय मी संस्थेला देते. तिसऱ्या सकाळी वाटाड्यांनी स्वतः पाठीवरून हात फिरवला, काही न बोलता खोगीर बाजूला ठेवले, आणि तो घोडा उरलेली सफर मोकळ्या पाठीने, दोरावर, आमच्या मागून चालला. त्या गृहस्थांना राखीव घोडा मिळाला. सायंकाळी शेकोटीपाशी वाटाड्यांनी सर्वांसमोर सांगितले की हे खोगीर पहिल्याच दिवशी काढायला हवे होते आणि चूक त्यांची आहे. पशुवैद्य चौथ्या दिवशी समदडीहून येऊन गेले. तरीही दोन प्रश्न उरतात. सात स्वार, दोन वाटाडे आणि दहा घोडे, म्हणजे राखीव घोडा एकच; तो तिसऱ्याच दिवशी वापरला गेला. त्यानंतर आणखी एखादा घोडा लंगडला असता तर कोणीतरी मालमोटारीतून प्रवास केला असता किंवा, जे मी इतर ठिकाणी पाहिले आहे, लंगडत्या घोड्यावर स्वार बसवला गेला असता. आठ-नऊ घोड्यांमागे किमान दोन राखीव घोडे असायलाच हवेत. दुसरा प्रश्न मोतद्दाराचा आहे. त्याला पहिल्या सायंकाळीच सगळे कळले होते. त्याच्या बोटांना जे कळले ते वाटाड्यांपर्यंत पोहोचायला दोन दिवस का लागले? मी हे संस्थेच्या चालकांना लेखी विचारले आहे. त्यांचे उत्तर आले. पुढच्या हंगामापासून रोज सायंकाळी प्रत्येक घोड्याच्या पाठीची नोंद पाण्याच्या वहीतच करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

कनान्याजवळचा मुक्काम मला विशेष आठवतो. हे गाव वीर दुर्गादास राठोड यांची कर्मभूमी मानले जाते, तेच दुर्गादास जे १६८१ मध्ये औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला, शहजादा अकबराला घेऊन छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला दक्षिणेत आले. मारवाडात त्यांच्याविषयी सांगतात की त्यांचे दिवस-रात्र घोड्याच्या पाठीवरच जात आणि बाटीसुद्धा ते खोगिरात बसून भाल्याच्या टोकावर भाजत. वाटाड्यांनी हे सांगितले तेव्हा मी अंतराचा विचार करू लागले. अरवलीपासून सह्याद्रीपर्यंत, पाठलाग चुकवत, वाटा बदलत. त्या घोड्यांना रोज रात्री खरारा करणारे, तंगाखालची कातडी चाचपणारे आणि नाल पाहणारे हात कोणाचे होते, याची नोंद इतिहासात नाही. त्या रात्री मी तंबूतून उठून दावणीपाशी गेले. झुली पांघरलेले घोडे अगाडी-पिछाडीला बांधलेले होते, दोघे आडवे झोपले होते, आणि एक मोतद्दार बाजेवर गोधडीत गुंडाळून बसल्या बसल्या पेंगत होता. दावण दोन लाकडी खुंटांना बांधलेली होती, हाकेच्या अंतरावर खेजडीचे मोठे झाड असूनही. खेजडीला, म्हणजे आपल्या शमीला, घोडा बांधायचा नाही आणि तिची वाळकी काडीही शेकोटीत टाकायची नाही, हा या संस्थेचा नियम आहे. ज्या प्रदेशात १७३० मध्ये खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी खेजडीची झाडे वाचवताना प्राण दिले, तिथे पाहुण्याने इतके तरी पाळायला हवे.

जेवणाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, ते उत्तम होते: बाजरीचे सोगरे, कढी, केर-सांगरी, लसणाची चटणी आणि सकाळी गरम राब. तंबू साधे आणि स्वच्छ होते. थंडीला मात्र लोक कमी लेखतात. दुपारी उन्हात एका सदऱ्यावर बसावेसे वाटते आणि रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो; पात्रातली वाळू सूर्य मावळताच गार पडते, त्यामुळे जमिनीवर अंथरलेल्या गादीखाली घोंगडी असणे आवश्यक आहे. ती आम्हाला दुसऱ्या रात्री मागून घ्यावी लागली. पायांच्या आतल्या बाजूला शिवण नसलेली विजार आणि घोट्याच्या वरपर्यंतचे, पण तळ गुळगुळीत असलेले बूट स्वतःचे न्यावेत. जाड नक्षीच्या तळाचा बूट रिकिबीत अडकतो, आणि घोडा उधळला तर त्या एका गोष्टीवर जीव अवलंबून असतो.

शुल्क माणशी ८०,००० रुपये होते, जोधपूरपर्यंतचा प्रवास वगळून. रक्कम मोठी आहे. त्यात घोड्यांची, मोतद्दारांची, टाकीची, चाऱ्याची आणि मालमोटारीची व्यवस्था पाहता मला ती अवाजवी वाटली नाही. याहून बऱ्याच स्वस्तात हीच सफर कोणी देऊ करत असेल तर कपात कोणाच्या चंदीत झाली आहे हे विचारावे. ज्यांना घोड्यावर किमान दुडकीत स्थिर बसता येते त्यांनीच ही सफर करावी. पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्यांसाठी हिच्यात जागा नाही आणि संस्था तसे स्पष्ट सांगते. वेगाने दौडण्याची हौस असेल तरीही निराशा होईल, कारण खोल वाळूत दौड केली की पायामागच्या शिरा दुखावतात आणि वाटाडे ती करू देत नाहीत. पाच दिवसांत आम्ही एकूण चार वेळा दौड केली, प्रत्येक वेळी घट्ट वाळूवर आणि काही मिनिटेच. मला तेवढी पुरली. हंगामाविषयी विचाराल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. त्यानंतर दुपारचे ऊन घोड्यांना त्रासदायक होऊ लागते.

तिलवाड्याला आम्ही शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पोहोचलो. चैत्रात इथे नदीच्या पात्रातच लोकदैवत मल्लीनाथांचा पशुमेळा भरतो आणि मालाणी भागातले घोडे, उंट, बैल या वाळूत दाटीने उभे राहतात. जानेवारीत तिथे काहीच नव्हते, काठावरचे मंदिर, काही मेंढ्या आणि लाल फेटा बांधलेला एक वृद्ध राईका पशुपालक सोडून. त्याने आमच्या घोड्यांकडे बराच वेळ पाहिले, मग करड्याच्या जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली. सूज उतरली होती, केस मात्र तिथे विरळ झाले होते. ते परत येतील तेव्हा बहुधा पांढरे येतील. मी केसरचा तंग सोडला आणि खोगीर उतरवले. घामाचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा होता, कुठेही कोरडा डाग नव्हता. लगाम काढताच ती चार पावले पुढे गेली, वाळू हुंगली, गुडघे मोडून खाली बसली आणि पाठीवर लोळली, आधी एका कुशीवर आणि मग पूर्ण वळून दुसऱ्या कुशीवर.